दर वाढला, पण ती दरवाढ नव्हे

लॉची डिग्री हातात आल्यावर मला पहिली नोकरी मिळाली ती पुण्यातल्या एका लीगल आउटसोर्सिंग कंपनीत. शिफ्ट संध्याकाळी सातला सुरू व्हायची आणि पहाटे चारला सुटायची. स्क्रीनवर कुठल्याशा अमेरिकन कंपनीचे ईमेल एकामागून एक येत राहायचे आणि आम्ही प्रत्येकावर खूण करायची : कामाचा, बिनकामाचा, गोपनीय, वरिष्ठांना दाखवायचा. पगार महिना बावीस हजार. पदाचं नाव ‘असोसिएट’.

दर गुरुवारी रात्री न्यूयॉर्कहून एक मुलगी कॉलवर यायची. तीही असोसिएट, आमच्याच वयाची, लॉ स्कूलमधून नुकतीच बाहेर पडलेली. आमच्या शंका लिहून घ्यायची आणि बहुतेक वेळा ‘विचारून सांगते’ म्हणायची. एकदा कॉल संपताना ती हसत म्हणाली, हे शून्य पूर्णांक तीन झालं. मी शेजारी बसलेल्या टीम लीडना विचारलं, “सर, शून्य पूर्णांक तीन म्हणजे?”

“अठरा मिनिटं. क्लायंटच्या बिलात लागतील.”

“अठरा मिनिटांचे किती?”

“ते आपल्याला कळत नाही. कळलं तर झोप लागणार नाही. पुढची बॅच उघड.”

नोकरी सुटून आता बरीच वर्षं झाली, पण तो प्रश्न सुटला नाही. मी तो कादंबऱ्यांत शोधला, सिनेमांत शोधला, शेवटी कोर्टाच्या कागदांत शोधला. कालपरवा वकील झालेल्या मुलीच्या एका तासाची किंमत कोण ठरवतं, आणि कशावरून? माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. वकिलांवरच्या गोष्टींना खोटा तास पकडायला फार आवडतं. खऱ्या तासाचा दर त्या वाचतच नाहीत. आणि मला विचाराल तर खरी गोष्ट त्या दरातच आहे.

चोर सापडला, भाव सुटला

जॉन ग्रिशमची ‘द फर्म’ ही १९९१ सालची कादंबरी तुम्ही वाचली नसेल, तरी टॉम क्रूझचा सिनेमा कुठेतरी पाहिला असेल. मिच मॅकडिअर हा गरीब घरातला, हार्वर्डमध्ये शिकलेला मुलगा. मेम्फिसमधली एक छोटी पण गडगंज फर्म त्याला ८०,००० डॉलर पगार, बीएमडब्ल्यू आणि स्वस्त गृहकर्ज देऊन घेऊन जाते. पुढे कळतं की फर्म शिकागोच्या माफियाची आहे.

कादंबरीचा शेवट आणि सिनेमाचा शेवट वेगळे आहेत, आणि हा फरक आपल्या कामाचा आहे. कादंबरीत मिच माफियाची कागदपत्रं एफबीआयच्या हाती लागतील अशी व्यवस्था करतो, फर्मचे पैसे उचलतो आणि समुद्रात गायब होतो. १९९३च्या सिनेमात दिग्दर्शक सिडनी पोलॅकनं फर्मला पाडण्यासाठी वेगळं हत्यार काढलं : बिलं. फर्म क्लायंटना न केलेल्या तासांची बिलं लावत होती आणि ती पोस्टानं पाठवत होती. पोस्टाचा वापर करून फसवणूक हा अमेरिकेत केंद्र सरकारच्या अखत्यारीतला गुन्हा. म्हणजे प्रत्येक पाकीट हा एक गुन्हा. खून, मनी लॉन्ड्रिंग यांना पुरून उरलेली फर्म टाइमशीटवर घसरून पडते.

पटकथा म्हणून ही युक्ती झकास आहे. पण पुन्हा पाहताना मला एक गोष्ट खटकली. समजा, त्या फर्मनं एकही तास फुगवला नसता तर? मिचचा पहिल्या आठवड्यातला प्रत्येक तास अगदी प्रामाणिकपणे भरला असता, तर त्या तासाला जो दर लागला असता तो कुठून आला? त्याला तर अजून काहीच येत नव्हतं. या प्रश्नापाशी कादंबरीही थांबत नाही आणि सिनेमाही. खोटे तास लिहिणारे वाईट, खरे तास लिहिणारा चांगला, अशी वाटणी होते आणि आपण पॉपकॉर्न संपवून घरी जातो.

तुमच्या पिढीची ‘सूट्स’ ही मालिका (२०११ ते २०१९) याच प्रश्नाच्या फार जवळून जाते आणि चुकवते. माइक रॉस कॉलेजमधून काढून टाकलेला, पण एकदा वाचलेलं कधी न विसरणारा मुलगा. फर्म फक्त हार्वर्डचीच मुलं घेते, म्हणून हार्वी स्पेक्टर त्याला खोटा हार्वर्डवाला बनवून नोकरी देतो. मालिकेला वाटतं रहस्य हे आहे की तो कधी पकडला जाणार. मला वाटतं रहस्य दुसरंच आहे. माइकचं काम त्याच्याबरोबरच्या खऱ्या हार्वर्डवाल्यांपेक्षा सरस असतं, तरी डिग्री नाही म्हटल्यावर त्याच्या तासाची किंमत कायद्याच्या दृष्टीनं शून्य होते. मग क्लायंट पैसे नेमके कशाचे देत होता? कामाचे की भिंतीवरच्या फ्रेमचे? नऊ सीझनमध्ये मालिका या प्रश्नाला शिवत नाही. सूट मात्र उत्तम शिवलेले असतात.

सहा मिनिटं आली कुठून

‘शून्य पूर्णांक तीन’ची भाषा शोधत मागे गेलं की एक सज्जन माणूस भेटतो. रेजिनाल्ड हेबर स्मिथ हे बोस्टनमध्ये गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणारी संस्था चालवायचे. १९१९ साली त्यांचं ‘जस्टिस अँड द पूअर’ हे पुस्तक आलं. गरिबाला न्याय का परवडत नाही, हा त्याचा विषय. त्याच वर्षी ते बोस्टनच्या ‘हेल अँड डॉर’ या फर्मचा कारभार बघायला गेले आणि तिथं त्यांनी वकिलांना रोजचा वेळ टिपून ठेवायची शिस्त लावली. तासाचे दहा भाग, एक भाग सहा मिनिटांचा.

हेतू साधा होता. कुठल्या कामात फर्मचे किती श्रम जातात हे कळावं, म्हणजे कारभार नीट होईल. वाण्याच्या दुकानातली खतावणी असते तसं. क्लायंटचं बिल तेव्हा बहुधा वेगळ्या रीतीनं ठरायचं : काम किती जोखमीचं, क्लायंट कोण, आणि वकिलांच्या स्थानिक संघटनेचं दरपत्रक काय म्हणतं.

ते दरपत्रक मोडलं एका घराच्या खरेदीत. व्हर्जिनियातल्या गोल्डफार्ब नावाच्या जोडप्याला फेअरफॅक्स काउंटीत घर घ्यायचं होतं. कर्जासाठी मालकी हक्काची तपासणी वकिलाकडूनच करून घेणं भाग होतं. पहिल्या वकिलानं घराच्या किमतीच्या एक टक्का फी सांगितली, दरपत्रकात होती तेवढीच. गोल्डफार्बनी आणखी ३६ वकिलांना पत्रं लिहिली. १९ जणांची उत्तरं आली. एकही जण खाली यायला तयार नव्हता. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९७५ साली कोर्टानं सांगितलं की हे संगनमतानं भाव बांधणं आहे आणि वकिलांनाही स्पर्धेचा कायदा लागू होतो.

ठराविक दरपत्रक गेलं. तासाचं बिल त्याआधीच रुळू लागलं होतं, आता त्याला मैदान मोकळं झालं. जी खतावणी दुकानाच्या आतल्या बाजूला होती ती काउंटरवर आली. तासात एक प्रामाणिकपणा दिसतो : जेवढं काम तेवढे पैसे. पण तासाला भाव लावल्याशिवाय बिल होत नाही, आणि भावाची यादी पुन्हा करावीच लागली. ती कशी झाली याचा मी वाचलेला सगळ्यात बोलका दाखला एका विमान कंपनीच्या खटल्यात आहे.

मेरी पॅट लॅफी नॉर्थवेस्ट एअरलाइन्समध्ये फ्लाइट अटेंडंट होत्या. विमानात पुरुष ‘पर्सर’ जे काम करायचे तेच बायका करायच्या, पण बायकांचा पगार कमी. १९७० साली दावा दाखल झाला, बायका जिंकल्या, आणि अशा खटल्यात हरलेल्यानं जिंकलेल्याच्या वकिलाची वाजवी फी द्यायची असते म्हणून १९८३ साली कोर्टाला तासांचे दर ठरवावे लागले. त्यातून एक तक्ता तयार झाला. पहिल्या तीन वर्षांतला वकील ७५ डॉलर, चार ते सात वर्षं १०० डॉलर, आठ ते दहा वर्षं १२५, अकरा ते एकोणीस १५०, वीस वर्षांच्या पुढे १७५.

तक्ता म्हणजे काही कविता नव्हे, पण एकदा तो कवितेसारखा सावकाश वाचा. प्रत्येक पायरी बरोबर २५ डॉलरची. माणसांचं कौशल्य इतक्या सुबक पायऱ्यांनी वाढतं का? कामाचा रकाना नाही, गुणवत्तेचा रकाना नाही. फक्त वर्षं. आणि हा तक्ता ज्या बाईच्या नावानं प्रसिद्ध झाला तिची तक्रार काय होती? काम एकच, पण करणारा कोण यावर मोल ठरतं, ही. तिच्या वकिलांची फी मोजताना कोर्टानं नेमका तोच निकष वापरला : करणारा कोण. अनुभव आणि लिंग यांत फरक आहे, हे मलाही कळतं. अनुभवाला मोल असावंच. पण चौथ्या वर्षाच्या पहिल्या सकाळी कुणाचाही तास अचानक पंचवीस डॉलरनं शहाणा होत नाही. पुढे त्या दरांवर उलटसुलट निकाल झाले, आकडे महागाईप्रमाणे वाढवले गेले, पण ‘लॅफी मॅट्रिक्स’ हे नाव आणि त्यामागचा विचार वॉशिंग्टनच्या कोर्टांत टिकून राहिला.

एका तळटीपेचं रसग्रहण

मोठ्या फर्म्स आपले दर जाहिरात लावल्यासारखे सांगत नाहीत. पण एका ठिकाणी त्यांना ते उघड करावेच लागतात. अमेरिकेत कंपनी दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली गेली की तिच्या वकिलांची फी कोर्ट मंजूर करतं. त्यासाठी फर्म अर्ज करते आणि तो अर्ज सार्वजनिक असतो. २०१३ साली मोठ्या प्रकरणांसाठी सरकारनं आणखी कडक नियम केले : कोण वकील, सनद कधीची, दर किती, काम काय, किती वेळ, तोही तासाच्या दहाव्या भागात, आणि प्रकरण चालू असताना दर वाढवले का.

हे अर्ज मी कादंबरीसारखे वाचते. शेकडो पानं असतात. ‘मसुद्याचे पुनरावलोकन, ०.८.’ ‘त्याबाबत सहकाऱ्याशी चर्चा, ०.२.’ ‘त्याबाबत ईमेल, ०.१.’ कर्ता नाही, भावना नाही, रात्र आहे की दिवस ते कळत नाही. पण तारखा लागोपाठ पाहिल्या की रविवार दिसतो, ख्रिसमसची पूर्वसंध्या दिसते. नव्या वकिलांना हे लिहिणं शिकवलं जातं. त्यांच्या नोकरीतलं सगळ्यात नियमित लेखन हेच, आणि याच लेखनाचे पैसे मिळतात.

अलीकडच्या वर्षांत न्यूयॉर्कच्या काही बड्या फर्म्सच्या अशा अर्जांत अगदी नव्या वकिलाचा दर तासाला ७०० डॉलरच्या वर आहे. ज्येष्ठ पार्टनर २,००० डॉलरच्या पुढे गेलेत. आणि याच अर्जांत एक तळटीप वारंवार भेटते. तिचा मथितार्थ असा : वकिलाची ज्येष्ठता वाढली किंवा बढती झाली म्हणून त्याचा दर एक पायरी वर गेला, तर ती नियमांच्या अर्थानं ‘दरवाढ’ नव्हे.

ही तळटीप मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मोठ्यानं हसले. नंतर हसू ओसरलं, कारण तिच्यात अख्खा धंदा आहे. काल एक मुलगी अमुक दराची होती. आज एक तारीख उलटली, ती दुसऱ्या वर्षात गेली, दर शंभरेक डॉलरनं वर गेला. टेबल तेच, खटला तोच, कदाचित काल अर्धवट ठेवलेलं पानही तेच. पण हे वाढणं म्हणजे झाडाचं वाढणं. नैसर्गिक. कुणी वाढवलं नाही, ते वाढलं. जो निर्णय कुणीतरी बैठकीत बसून घेतला तो ऋतूसारखा वाटायला लावणं, हे या तळटीपेचं काम. ‘द फर्म’मधल्या खलनायकांना असलं एक वाक्य सुचलं असतं, तर त्यांना एकही तास खोटा लिहावा लागला नसता.

आता थोडं गणित करू. या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे : ज्युनिअरनं आपल्या पगाराच्या तिप्पट कमाई आणावी. एक भाग त्याचा पगार, एक भाग ऑफिसचा खर्च, एक भाग पार्टनरांचा नफा. २०२३च्या अखेरीपासून न्यूयॉर्कच्या बड्या फर्म्समध्ये पहिल्या वर्षाचा पगार २,२५,००० डॉलर आहे. तिप्पट म्हणजे ६,७५,०००. वर्षाला बिलात लागणारे १,९०० तास धरले तर बोनस वगळून तासाला साधारण ३५५ डॉलर येतात. अर्जात दिसतो त्याच्या दुप्पट.

मग उरलेला अर्धा भाव कशाचा? चोरी नाही, सगळं कोर्टासमोर लेखी आहे. मला दिसतात त्या गोष्टी तीन.

पहिली, शेजाऱ्याचा भाव. एका फर्मनं नव्या मुलांचा पगार वाढवला की दुसरी काही दिवसांत तेवढाच करते, ही तिथली उघड रीत आहे. दरांचंही तसंच. कोर्टाचे अर्ज ग्राहकाच्या हितासाठी सार्वजनिक केले, पण ते दुकानदारही वाचतात. भाजीबाजारात सगळ्यांचे फळे एकमेकांसमोर लावलेले असले की भाव कुठल्या दिशेनं सरकतो ते आपल्याला ठाऊक आहे.

दुसरी, शिडी. ज्युनिअरचा दर खालून वर मोजत नाहीत, वरून खाली मोजतात. पार्टनर २,००० झाला की त्याच्या पावलाखालची प्रत्येक पायरी वर सरकते. एका पार्टनरखाली जितकी मुलं, तितका त्याचा नफा. म्हणून त्या मुलीचा दर तिच्याबद्दल काही सांगत नाही. ती कुणाच्या पायाखालची पायरी आहे, एवढंच सांगतो.

तिसरी, सूट. बऱ्याच कंपन्या छापील दर देतच नाहीत, घासाघीस करतात. काही मोठ्या कंपन्यांनी तर स्पष्ट सांगून टाकलं की पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या वकिलांचे पैसे आम्ही देणार नाही, त्यांना तुमच्या खर्चानं शिकवा. सूट मागितली जाणार हे माहीत असलं की छापील भाव आधीच चढा ठेवता येतो. दिवाळीच्या सेलमध्ये साडीवर आधीची किंमत खोडून नवी लिहिलेली असते, तसं. ज्याला घासाघीस करता येते त्याला सूट मिळते.

दिवाळखोरीत मात्र घासाघीस करणारा घरधनीच आजारी असतो. तिथं वकिलांची फी प्रशासकीय खर्चात मोडते, आणि कामगारांचे थकलेले पगार किंवा पुरवठादारांची जुनी उधारी यांच्या आधी तिचा नंबर लागतो. बड्या कंपन्यांनी बड्या वकिलांना किती द्यावेत याचं मला काय, असं तुम्ही म्हणालात तर मी एवढंच दाखवीन. त्या ०.१ आणि ०.२ च्या ओळींखाली रांगेत उभी असलेली माणसं आहेत.

शॅम्पेन

टोनी गिलरॉयचा ‘मायकल क्लेटन’ (२००७) हा वकिलांवरचा माझा सगळ्यात आवडता सिनेमा, कारण तो खोट्या तासाच्या पलीकडे जातो. आर्थर एडन्स हा ज्येष्ठ वकील एका विषारी तणनाशकाच्या कंपनीचा बचाव करता करता कोसळतो. टॉम विल्किन्सननं हे काम असं केलंय की अंगावर काटा येतो. कोसळण्याच्या मुळाशी एक प्रसंग आहे, आणि तो सिनेमात दिसत नाही, आर्थर सांगतो : फर्मचा मालक शॅम्पेनची बाटली घेऊन त्याच्या खोलीत आला होता, कारण त्या खटल्यात बिलाचे तीस हजार तास पूर्ण झाले होते.

इथं एकही तास खोटा नाही. तीस हजार खरे तास आहेत, म्हणून तर ते भयंकर आहेत. पण सिनेमाशीही माझं एक भांडण आहे. तीस हजार तास एकटा आर्थर करू शकत नाही. त्यातले कितीतरी ज्युनिअर मुलांचे असणार. त्यांना सिनेमात जवळपास चेहरेच नाहीत. विवेकाचा झटका येण्याची चैन ज्येष्ठाला मिळते. ज्युनिअरला फक्त टाइमशीट.

ज्युनिअरचा चेहरा मला सापडला तो एका निबंधात. पॅट्रिक शिल्ट्झ हे आधी मोठ्या फर्ममध्ये वकील होते, मग प्राध्यापक झाले, पुढे न्यायाधीश. १९९९ साली त्यांनी विद्यार्थ्यांना उद्देशून एक लांबलचक निबंध लिहिला. वकिली व्यवसाय दुःखी, आजारी आणि अनीतिमान का झालाय, आणि त्यात राहून तुम्ही सुखी, निरोगी, नीतिमान कसे राहाल, असा त्याचा सूर. त्यातला एक भाग मी विसरू शकत नाही. एका थकलेल्या संध्याकाळी तुमचे तास कमी भरतात. तुम्ही एका क्लायंटच्या खात्यात थोडा वेळ जास्त लिहिता, पण मनात म्हणता की हे उसनं आहे, पुढे फेडीन. सुरुवातीला फेडताही. मग फेडणं सुटतं. मग उसनं आहे हे वाटणंही सुटतं.

उसनवारीचं मानसशास्त्र इतकं अचूक मी आपल्याकडच्या ग्रामीण कथेतच वाचलंय. शिल्ट्झ खलनायक दाखवत नाहीत, घसरण दाखवतात. पण शेवटी त्यांचाही उपदेश व्यक्तीला आहे : तुम्ही नीट वागा, जमलं तर मोठ्या फर्ममध्ये जाऊ नका. ज्या दरामुळे एवढे तास भरावे लागतात तो दर कुणी ठरवला, याला ते हात लावतात, पण धरून ठेवत नाहीत. नीतीचा प्रश्न मुलाच्या वहीत येतो, मालकाच्या तक्त्यात नाही.

पुण्यातलं टेबल

आता माझ्या टेबलाकडे येते.

आमचं काम अमेरिकन क्लायंटच्या बिलात कसं दिसायचं, याचं उत्तर मला अमेरिकन बार असोसिएशनच्या मतपत्रांत मिळालं. करारावर घेतलेल्या वकिलांबद्दल २००० साली आणि बाहेर पाठवलेल्या कामाबद्दल २००८ साली त्यांनी सल्ले दिले. सारांश असा : अशा माणसाचं काम बिलात ‘खर्च’ म्हणून दाखवलं, तर जेवढा खर्च झाला तेवढाच लावायचा. ‘कायदेशीर सेवा’ म्हणून दाखवलं, तर वाजवी असेल तोवर त्यावर नफा ठेवता येतो. म्हणजे माझा तास तोच, मी तीच, ईमेल तोच. बिलात मी कुठल्या रकान्यात बसले यावर ठरणार की मी वकील होते की झेरॉक्स. माझ्या बाबतीत काय झालं ते मला ठाऊक नाही. आम्हाला बिल कुणी दाखवलं नाही.

हर्मन मेलव्हिलची ‘बार्टलबी’ ही १८५३ सालची कथा मी त्यानंतर पुन्हा काढली. वॉल स्ट्रीटवरच्या वकिलाच्या ऑफिसात नकला उतरवणारा कारकून एक दिवस काम करायला नम्रपणे नकार देतो, एवढं सगळ्यांना माहीत असतं. माझं लक्ष या वेळी आकड्यांकडे गेलं. नकलेचा दर शंभर शब्दांना चार सेंट. जिंजर नट नावाचा बारा वर्षांचा पोरगा वकिली शिकायला म्हणून ठेवलेला, तो झाडलोट करतो, निरोप पोचवतो, त्याला आठवड्याला एक डॉलर. कथा सांगणारा वकील हे दर किती सहज सांगून जातो! स्वतःच्या कमाईबद्दल मात्र ती चांगली आहे एवढंच म्हणतो, आकडा देत नाही.

दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या या कथेत मला ‘द फर्म’पेक्षा जास्त सत्य दिसतं. मेलव्हिल कुणाला चोर ठरवत नाही. मालक दयाळू आहे, दर रीतीप्रमाणे आहे, हिशेब चोख आहे. तरीही त्या खोलीत काहीतरी फार चुकलेलं आहे, आणि ते चुकलेलं नेमक्या रीतीप्रमाणे असलेल्या दरातच आहे.

एका बाबतीत माझं मत मात्र हे सगळं वाचता वाचता बदललं. सुरुवातीला मला न्यूयॉर्कच्या त्या मुलीचा राग यायचा. ‘विचारून सांगते’ म्हणण्याचे पैसे! आता वाटतं, त्या फुगलेल्या दरानं एक चांगली गोष्ट विकत घेतली होती : तिला न येण्याची सवड. ती विचारायची, कुणीतरी तिला सांगायचं, पुढच्या गुरुवारी ती ते आम्हाला सांगायची, आणि वर्षभरात ती खरंच हुशार झाली. क्लायंटनं कुरकुरत का होईना तिच्या शिकण्याचे पैसे दिले. तक्त्यात तिच्या रांगेखाली दुसऱ्या वर्षाची रांग होती, तिसऱ्याची होती. आमच्या तक्त्यात एकच रांग होती. दोन वर्षांनी मी जेव्हा सोडलं तेव्हा मी पहिल्या दिवशी करत होते तेच करत होते, फक्त वेगानं. आमच्या शिकण्याला कुठल्याच बिलात रकाना नव्हता, म्हणून आम्ही शिकलो नाही.

आता ईमेल चाळायचं ते काम यंत्र करू लागलंय. २०२४ साली त्याच बार असोसिएशननं सांगितलं की एआय वापरून काम पंधरा मिनिटांत झालं, तर तासावर बिल करणाऱ्यानं त्या पंधरा मिनिटांचे आणि तपासायला लागलेल्या वेळाचेच पैसे घ्यावेत. योग्यच आहे. म्हणजे आता खोटा तास पकडायला आणखी एक नियम झाला. दराला यातही कुणी हात लावलेला नाही. तास कमी झाले तर दर वर जाईल, आणि तळटीप म्हणेल की ही दरवाढ नव्हे. प्रश्न हा आहे की सगळ्यात खालची पायरीच काढून टाकली तर उद्या वरच्या पायरीवर चढणार कोण. न्यूयॉर्कमध्ये निदान हा प्रश्न विचारला तरी जातोय.

गेल्या महिन्यात एका अर्जाची पानं चाळताना मला एक ओळ दिसली. दुसऱ्याच कंपनीचं प्रकरण, दुसरीच फर्म. रिव्ह्यू टीमच्या शंकांबाबत कॉल, ०.३. दर ७०० धरला तर २१० डॉलर. रुपयांत सतरा हजारांच्या पुढे, म्हणजे माझ्या तेव्हाच्या महिन्याच्या पगाराला थोडे कमी. सर म्हणाले होते, कळलं तर झोप लागणार नाही. खरं सांगायचं तर लागली. पण झोपण्याआधी मी त्या ओळीच्या पुढचं नाव वाचलं, सनदेचं वर्ष वाचलं, आणि पान मागे-पुढे करून पाहिलं की कॉलच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं ते कुठे लिहिलंय का. नव्हतं.